चार वाक्यांचा माणूस आणि त्याच्या चाळीस वर्षांच्या गोष्टी

आजचा भाग स्टार वॉर्सवर आहे. पण ल्यूक, लेया, डार्थ वेडर यांना आज सुट्टी. आज आपण मागच्या रांगेतल्या लोकांबद्दल बोलणार आहोत. पडद्यावर दोन मिनिटं येतात, एखादं वाक्य बोलतात आणि जातात, ती पात्रं. मग कुणीतरी त्यांच्यावर कॉमिक काढतं, कुणी कादंबरी लिहितं, कुणी गेम बनवतं, आणि बघता बघता त्या दोन मिनिटांच्या माणसाला घरदार, भूतकाळ, शत्रू, सगळं मिळतं. हे नेमकं कसं होतं, कोण करतं आणि त्यात कुणाच्या हाती काय लागतं, हा आजचा विषय.

सुरुवात बोबा फेटपासून करू, कारण हा गडी सिनेमात यायच्या आधीच प्रसिद्ध झाला होता. खरंच! १९७७ साली पहिला स्टार वॉर्स आला. दुसरा यायला १९८० उजाडलं. मधल्या काळात लोकांना धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. जो जॉन्स्टन आणि राल्फ मॅकक्वॉरी यांनी एक चिलखतवाला डिझाइन केला होता. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन ॲन्सेल्मो या छोट्या गावात जत्रेची मिरवणूक निघाली, तिच्यात वेडरच्या शेजारून हा चिलखतवाला चालत गेला. चिलखताच्या आत होता ड्वेन डनहॅम, म्हणजे फिल्मचा असिस्टंट एडिटर. नोव्हेंबरमध्ये टीव्हीवर ‘हॉलिडे स्पेशल’ नावाचा कार्यक्रम झाला, त्यातल्या कार्टूनमध्ये बोबा दिसला. तो कार्यक्रम लुकसला इतका नकोसा झाला की त्यांनी तो पुन्हा अधिकृतपणे येऊच दिला नाही. पण बोबा मात्र राहिला.

मग केनर या खेळण्यांच्या कंपनीने ऑफर काढली. चार खेळण्यांच्या पाकिटांवरचे कूपन पाठवा, बोबा फेट फुकट घ्या. पाठीवरचं रॉकेट उडणार, अशी जाहिरात. पण त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातलं छोटं क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावलं होतं, म्हणून केनरने रॉकेट चिकटवूनच टाकलं. तरी पोरांनी कूपन पाठवलेच. म्हणजे सिनेमा येईपर्यंत हजारो घरांत हा माणूस शेल्फवर उभा होता, आणि तो कोण आहे हे कुणालाच माहीत नव्हतं.

आणि सिनेमात काय? ‘एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये बोबाला मोजून चार वाक्यं आहेत. पुढच्या सिनेमात, १९८३ साली, तीही नाहीत. एक किंकाळी आहे, आणि वाळवंटातल्या सारलॅकच्या तोंडात तो जातो. खेळ खल्लास.

आता इथे पहिला मुद्दा लक्षात घ्या. एखादं छोटं पात्र मोठं होतं ते बहुतेक वेळा त्याच्याबद्दल फार काही सांगितलेलं नसतं म्हणून. हेल्मेट, ओरखडे पडलेलं चिलखत, कमी बोलणं. रिकामी जागा भरपूर, आणि रिकामी जागा दिसली की लोक ती भरतात.

सगळ्यात आधी भरली मार्व्हल कॉमिक्सने. १९८४ साली त्यांनी बोबाला सारलॅकमधून बाहेर काढलं, स्मृती गेलेल्या अवस्थेत, आणि त्याच अंकाच्या शेवटी परत आत ढकललं. १९९१ मध्ये डार्क हॉर्सने ‘डार्क एम्पायर’ हे कॉमिक आणलं, त्यात बोबा पुन्हा जिवंत, आणि या वेळी कायमचा.

पण नावगाव देण्याचं खरं चिवट काम कॉमिकवाल्यांनी केलं नाही. ते केलं गेमवाल्यांनी. १९८७ साली वेस्ट एंड गेम्स या कंपनीने स्टार वॉर्सचा रोलप्लेइंग गेम काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि जाडजूड पुस्तकं असा तो खेळ. आता विचार करा, तुमच्या खेळात चारजण टेबलाभोवती बसलेत आणि एकजण विचारतो, ‘त्या दारूच्या गुत्त्यातला हिरव्या तोंडाचा प्राणी कुठल्या जातीचा?’ सिनेमाला उत्तर देण्याची गरज नव्हती, गेमला होती. नाव, ग्रह, भाषा, ताकद किती, नेम किती, सगळं टेबलमध्ये भरावं लागतं. रोडियन, ट्विलेक ही नावं या पुस्तकांतून आली. आम्ही कोड लिहिणारे लोक हे लगेच ओळखू. स्कीमामध्ये कॉलम आहे ना, मग तो रिकामा ठेवता येत नाही!

टिमथी झान यांना १९९० च्या आसपास नवी कादंबरी लिहायला सांगितलं, तेव्हा लुकसफिल्मने त्यांना संदर्भ म्हणून हीच गेमची पुस्तकं पाठवली. त्यातून १९९१ मध्ये ‘एअर टू द एम्पायर’ आली, बेस्टसेलर ठरली, आणि तिथून कादंबऱ्यांचा पूर आला.

१९९५ साली केविन अँडरसन यांनी त्या दारूच्या गुत्त्यातल्या गिऱ्हाइकांवर सोळा कथांचा संग्रह संपादित केला. सिनेमात सेकंदभर दिसणारा, हातोड्यासारख्या डोक्याचा एक प्राणी आहे. केनरने त्याच्या खेळण्याला सरळ ‘हॅमरहेड’ म्हटलं होतं. या संग्रहात त्याचं नाव मोमॉ नेडन. आपल्या ग्रहाची शेतीची गुपितं साम्राज्याला दिली म्हणून हद्दपार झालेला, वाळवंटात झाडं जगवणारा माणूस. पडद्यावर मास्क घालून बसलेला एक एक्स्ट्रा, आणि कागदावर अपराधाचं ओझं वाहणारा माळी.

आता दुसरा मुद्दा. कादंबरीकारांनी छोटी पात्रंच का धरली? नुसत्या प्रेमापोटी नाही. लायसन्स घेऊन लिहिणाऱ्याला ल्यूकला मारता येत नाही, लेयाला मनासारखं बदलता येत नाही. मालकाची पात्रं आहेत ती, जशी घेतली तशी परत ठेवायची. वाचकालाही ते माहीत असतं, त्यामुळे ल्यूकवर कितीही बंदुका रोखल्या तरी आपण निवांत चहा पीत वाचतो. छोट्या पात्रांबाबत तसं नसतं.

वेज अँटिलिस बघा. पहिल्या सिनेमात हा पायलट ऐन लढाईत जहाज बिघडलं म्हणून माघारी फिरतो. इतका किरकोळ, की युद्धापूर्वीच्या बैठकीच्या दृश्यात त्याच्या जागी दुसराच नट बसलाय. मुख्य नट डेनिस लॉसन, आणि त्याचाही आवाज डब केलेला. पण तीनही सिनेमे संपेपर्यंत हा पठ्ठ्या जिवंत. १९९६ पासून मायकल स्टॅकपोल आणि नंतर ॲरन ऑलस्टन यांनी त्याला स्क्वाड्रन लीडर करून ‘एक्स-विंग’ कादंबऱ्या लिहिल्या. या कादंबऱ्यांत पायलट मरतात, आणि मरतात तेव्हा लागतं. कारण कोण वाचणार ते आपल्याला माहीत नसतं. जेडाय नाहीत, भविष्यवाणी नाही. नोकरीसारखं युद्ध करणारी माणसं, त्यांचे विनोद, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर रिकामी राहिलेली खुर्ची. मोठ्या गोष्टीला जे परवडत नाही ते बाजूच्या गोष्टीला परवडतं, ते असं.

पण शंभर लोक एकाच गोष्टीत भर घालायला लागले की गोंधळ होणारच. म्हणून २००० साली लुकसफिल्ममध्ये लीलँड ची यांनी एक डेटाबेस उभा केला. नाव ‘होलोक्रॉन’, आणि तो चक्क फाइलमेकरमध्ये. प्रत्येक पात्र, ग्रह, जहाज, त्याची नोंद, आणि त्या नोंदीला एक दर्जा. सर्वात वर ‘जी’, म्हणजे जॉर्ज. लुकस यांचा सिनेमा जे म्हणेल ते अंतिम. त्याखाली टीव्ही, त्याखाली कादंबऱ्या-कॉमिक्स, त्याखाली जुनी आणि शंकास्पद मंडळी. दोन नोंदी भांडल्या तर वरच्या दर्जाची जिंकते. मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवण्याचा नियमच म्हणा की.

याचं सर्वात मजेशीर उदाहरण पुन्हा बोबाच. १९९६ च्या एका कथासंग्रहात डॅनिएल कीज मोरान यांनी त्याला भूतकाळ दिला. खरं नाव जॅस्टर मेरील, एकेकाळचा कायद्याचा रखवालदार, वरिष्ठाचा खून करून परागंदा झालेला. वाचकांनी तो मान्यही केला. आणि २००२ मध्ये लुकस यांनी सिनेमात दाखवलं की बोबा हा जँगो फेटचा क्लोन, लहान मूल! मेरील गेला का मग? नाही. त्याच वर्षी एका कॉमिकने जॅस्टर मेरील हा वेगळाच माणूस ठरवला, जँगोला वाढवणारा गुरू. जुनी फाइल डिलीट न करता तिचं नाव बदलून दुसरीकडे जोडून टाकली. आम्ही याला पॅच म्हणतो, ते याला रेटकॉन म्हणतात.

इथपर्यंत गंमत होती. आता जरा गंभीर.

२०१२ मध्ये डिस्नेने लुकसफिल्म विकत घेतली, सुमारे ४०० कोटी डॉलरना. आणि २५ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालं की आजवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स, गेम हे सगळं यापुढे ‘लेजंड्स’. पुस्तकं छापली जातील, विकली जातील, पण घडलेला इतिहास म्हणून धरली जाणार नाहीत. व्यवसाय म्हणून कारण समजतं. नवे सिनेमे काढायचेत, पंचवीस वर्षांच्या कादंबऱ्या पायात बेडीसारख्या नकोत. सॉफ्टवेअरमध्ये आम्हीही जुनी लायब्ररी ‘डेप्रिकेटेड’ ठरवतो. पण कोड रडत नाही. इथे लोकांनी आयुष्याची वर्षं घातली होती, लिहिणाऱ्यांनीही आणि वाचणाऱ्यांनीही.

आणि प्रश्न फक्त भावनेचा नाही. ॲलन डीन फॉस्टर हे १९७६ साली आलेल्या पहिल्या स्टार वॉर्स कादंबरीचे खरे लेखक, मुखपृष्ठावर नाव लुकस यांचं. १९७८ ची पहिली स्वतंत्र कादंबरीही त्यांचीच. म्हणजे या सगळ्या वाढत्या विश्वाचा पहिला दगड त्यांनी रचला. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी आणि अमेरिकेतल्या सायन्स फिक्शन लेखकांच्या संघटनेने जाहीरपणे सांगितलं, की कंपनी विकली गेल्यापासून आपल्याला रॉयल्टी मिळालेली नाही. छोट्या पात्राला मोठं करणारा लेखक हा त्या व्यवस्थेत स्वतःच छोटं पात्र असतो, हे मला या इतिहासात सर्वात टोचणारं वाटतं. पात्र त्याचं नसतं, नावही त्याचं नसतं, आणि उद्या नोंदीचा दर्जा बदलला की कामही त्याचं राहत नाही.

मग हे सगळं पुसलं गेलं का? इथे गोष्ट वळण घेते.

माँ मोथमा. १९८३ च्या सिनेमात पांढऱ्या झग्यातली बंडखोरांची नेता, कॅरोलाइन ब्लॅकिस्टन. एक दृश्य. शत्रूची माहिती आणताना हेर मेले, हे ती खालच्या आवाजात सांगते, बस्स. २००५ मध्ये जेनेव्हिव्ह ओरायली यांनी तरुण मोथमा केली, आणि तिची दृश्यं कापली गेली. कुणी म्हणेल, संपला विषय. पण २०१६ च्या ‘रोग वन’मध्ये तीच नटी परत आली, आणि २०२२ ते २०२५ मधल्या ‘अँडॉर’ मालिकेत टोनी गिलरॉय यांनी तिला पूर्ण घर दिलं. न पटणारा नवरा, हातातून निसटणारी मुलगी, बंडासाठी पैसा लपवताना होणारी तारांबळ, आणि शेवटी सिनेटमध्ये घोरमन ग्रहावरच्या हत्याकांडाला हत्याकांड म्हणण्याचं धाडस.

आता हे घोरमन कुठून आलं? वेस्ट एंड गेम्सच्या त्या जुन्या पुस्तकांतून! शांतपणे निदर्शनं करणाऱ्या लोकांवर टार्किनने जहाज उतरवलं, अशी मजकुरातली एक घटना. टेबलाभोवती खेळणाऱ्यांसाठी कुणीतरी लिहिलेला एक परिच्छेद, ‘लेजंड्स’च्या ढिगाऱ्यात गेलेला, आणि तीसहून अधिक वर्षांनी या विश्वातल्या सर्वात ताकदवान प्रसंगाचा पाया.

दुसऱ्या बाजूला ‘द बुक ऑफ बोबा फेट’ बघा, २०२१-२२ ची सात भागांची मालिका. सारलॅकमधून कसा निघाला, चिलखत कुणी नेलं, पुढे काय केलं, सगळं दाखवलं. टेमुएरा मॉरिसन यांनी जीव ओतून काम केलंय, पण हेल्मेट काढून बराच वेळ बोलणारा बोबा पाहताना जाणवतं, की आपण ज्याच्यावर भाळलो होतो तो त्या गप्प बसण्यावर. रिकामी जागा भरली आणि ओढही गेली.

दोन्हीतला फरक माझ्या मते असा. बोबाच्या मालिकेने ‘मग काय झालं?’ याचं उत्तर दिलं. ‘अँडॉर’ने विचारलं, ‘त्या एका वाक्यामागे काय किंमत मोजली असेल?’ पहिल्या पद्धतीने पात्राची माहिती वाढते. दुसरीने मूळ सिनेमाच बदलतो. आता १९८३ चं ते दृश्य लावून बघा. हेरांच्या मृत्यूबद्दल बोलताना मोथमाचा आवाज तोच आहे, पण आपल्याला तिच्या घरचं सगळं माहीत आहे.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या किरकोळ पात्रावर नवी मालिका जाहीर झाली आणि ‘ह्याच्यावर काय बनवणार?’ असं मनात आलं, तर थोडं थांबा. पात्र किती लहान आहे यावर फारसं काही ठरत नाही. लिहिणाऱ्याने त्याच्यापाशी कोणता प्रश्न ठेवलाय यावर ठरतं. आणि जमलं तर शेवटी नावांची पाटी सरकते ना, ती पूर्ण बघा. कुणीतरी तीस वर्षांपूर्वी लिहिलेला एक परिच्छेद पडद्यावर उभा राहिलेला असतो, आणि त्याचं नाव असलंच तर तिथेच कुठेतरी, बारीक अक्षरांत असतं.

आजच्यासाठी इतकंच. भेटू पुढच्या भागात!