मांजरांच्या वाट्याचे इन्सुलिन

मधुमेही मांजराला टोचले जाणारे इन्सुलिन विसाव्या शतकात बहुतांशी माणसांसाठी बनवलेलेच असे. माणसांच्या उपचारांत एखादा प्रकार मागे पडला आणि कंपनीने त्याचे उत्पादन थांबवले, की मांजरांचेही इन्सुलिन बदलावे लागे. जुने इन्सुलिन त्या मांजराला चांगले मानवत होते की नाही, याचा त्या निर्णयात विचारही नसे. घरी राहून इन्सुलिन बदलण्याची आज रूढ असलेली सावध रीत अशा लादलेल्या बदलांतून शिकत शिकत तयार झाली आहे.

मधुमेहाचा आणि स्वादुपिंडाचा संबंध 1889 साली स्ट्रासबुर्ग येथे उघड झाला. ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले आणि त्याला तीव्र मधुमेह जडला. 1921 मध्ये टोरांटो विद्यापीठात जॉन मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून स्वादुपिंडाचा साखर उतरवणारा अर्क मिळवला. 11 जानेवारी 1922 रोजी तो लेनर्ड थॉम्पसन या 14 वर्षांच्या मुलाला टोचला गेला. गुण फारसा आला नाही, उलट टोचलेल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला, 23 जानेवारीला तो दिला गेला आणि मुलाची प्रकृती सुधारू लागली. औषध तेच, पण बनवण्याची तऱ्हा बदलली की परिणामही बदलतो, हे इन्सुलिनच्या बाबतीत पहिल्या बारा दिवसांतच दिसले होते. पुढच्या शंभर वर्षांत मांजरांच्या बाबतीत तेच पुन्हा पुन्हा दिसत राहिले.

सुरुवातीला मोजमापाचीच अडचण होती. शुद्ध इन्सुलिन हाती नसल्याने ते वजनावर मोजता येत नव्हते. म्हणून ठरावीक वजनाच्या उपाशी सशाची साखर झटके येण्याइतकी खाली आणणारी मात्रा आधाराला धरून युनिटची व्याख्या झाली. मोजमाप पुढे सुधारले आणि युनिट स्थिर झाले, पण एका मिलिलिटरमध्ये किती युनिटे असावीत यावर बराच काळ एकमत नव्हते. 40 युनिटांच्या आणि 80 युनिटांच्या बाटल्या शेजारी शेजारी विकल्या जात आणि दोन्हींसाठी सिरिंज वेगळी लागे. या घोळातून माणसांनाही अपघात होत. त्यामुळे अमेरिकेत 1973 पासून आणि ब्रिटनमध्ये 1983 पासून माणसांसाठी 100 युनिटांचे एकच प्रमाण आणले गेले. पशुवैद्यकीय इन्सुलिन मात्र 40 वरच राहिले. मांजराला एका वेळी एक-दोन युनिटेच लागतात आणि पातळ द्रावणात इतकी लहान मात्रा मोजणे सोपे जाते, हे त्याचे सोयीचे कारण. भारतात तर माणसांच्या औषध दुकानांतही 40 आणि 100 दोन्ही प्रमाणे अजून चालू आहेत. लाल टोपणाची सिरिंज 40 ची आणि केशरी टोपणाची 100 ची, हा फरक इथल्या अनेक मधुमेही घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतो.

मांजराचे इन्सुलिन बदलताना होणारी सर्वांत घातक चूक याच जागी होते. 100 युनिटांचे इन्सुलिन 40 च्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरले, तर एकाऐवजी अडीच युनिटे शरीरात जातात. चार किलोच्या मांजराला तेवढ्याने बेशुद्धी येऊ शकते. उलट 40 चे इन्सुलिन 100 च्या सिरिंजने दिले, तर एका युनिटच्या जागी 0.4 युनिटच मिळते आणि नवे औषध निरुपयोगी असल्याचा समज होऊन मात्रा वाढवली जाते. पुढे योग्य सिरिंज हाती आली की तीच वाढवलेली मात्रा अंगावर येते. म्हणून बाटली बदलली की तिच्या प्रमाणाशी जुळणारी सिरिंज घेणे आणि जुन्या सिरिंजा घरातून काढून टाकणे, ही बदलाची पहिली पायरी ठरली. हिशेब करून चुकीच्या सिरिंजने भागवण्याची युक्ती कागदावर बरोबर असते. पहाटे झोपेत दिलेल्या इंजेक्शनला मात्र ती दगा देते.

दुसरा प्रश्न परिणाम किती वेळ टिकतो याचा. पहिले इन्सुलिन काही तासांतच ओसरत असे. डेन्मार्कमध्ये हान्स ख्रिश्चन हागेडोर्न यांनी 1936 मध्ये माशांच्या शुक्राणूंतून मिळणारे प्रोटामिन हे प्रथिन इन्सुलिनला जोडून त्याचा वेग मंदावला. त्याच वर्षी टोरांटोत स्कॉट आणि फिशर यांनी त्यात जस्त मिसळले आणि प्रोटामिन झिंक इन्सुलिन, म्हणजे पीझेडआय, तयार झाले. 1946 मध्ये हागेडोर्न यांच्याच प्रयोगशाळेतून एनपीएच हा प्रोटामिनयुक्त इन्सुलिनचाच आणखी एक प्रकार आला. 1950 च्या दशकात क्नुड हालास-म्योलर यांनी प्रोटामिन वगळून केवळ जस्ताच्या साहाय्याने लेन्टे मालिका बनवली. तिच्यातल्या लेन्टेमध्ये 30 टक्के लवकर विरघळणारे अस्फटिकी आणि 70 टक्के सावकाश विरघळणारे स्फटिकी इन्सुलिन असे.

माणसांनी पीझेडआय मागे टाकले, कारण त्याचा परिणाम फार लांबत असे आणि त्याचा अंदाज येत नसे. मांजराच्या शरीरात मात्र इन्सुलिन झपाट्याने संपते. माणसाला अर्धा दिवस पुरणारे एनपीएच मांजरात बारा तासांच्या बरेच आधी ओसरते, आणि सकाळ-संध्याकाळच्या दोन इंजेक्शनांमध्ये साखर पुन्हा चढते. त्यामुळे माणसांना नकोसे झालेले पीझेडआय मांजरांना मानवले. त्याला आणखी एक आधार होता. फ्रेडरिक सँगर यांनी 1955 पर्यंत गाईच्या इन्सुलिनमधील अमिनो आम्लांचा क्रम पूर्ण उलगडला. पुढे इतर प्राण्यांशी तुलना झाली तेव्हा मांजराचे इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा केवळ एका अमिनो आम्लाने, डुकराच्या इन्सुलिनपेक्षा तीन आणि माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चार अमिनो आम्लांनी वेगळे असल्याचे दिसले. कत्तलखान्यातून येणारे गाईचे इन्सुलिन मांजराच्या शरीराला इतके जवळचे होते.

1978 मध्ये जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्यात यश आले आणि 1982 मध्ये ते अमेरिकेत विक्रीला मंजूर झाले. त्यानंतर प्राणिज इन्सुलिनची गरज संपत गेली. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत माणसांसाठीचे पीझेडआय बंद झाले. पुढे एका पशुवैद्यकीय कंपनीने गाय आणि डुकराच्या इन्सुलिनपासून ते पुन्हा बनवले, पण कच्च्या मालाअभावी तेही 2000 च्या दशकाच्या अखेरीस थांबले. लेन्टेचे मानवी रूप 2005 मध्ये बाजारातून गेले. ब्रिटनमधील मांजरांची गोष्ट थोडी वेगळी आणि महाराष्ट्राशी जोडलेली आहे. वेल्समधील रेक्सहॅम येथे गाईचे पीझेडआय बनवणारी सीपी फार्मास्युटिकल्स ही कंपनी मुंबईच्या वोकहार्टने 2003 मध्ये विकत घेतली. प्राणिज इन्सुलिन पसंत करणाऱ्या मोजक्या माणसांसाठी ते तयार होत होते आणि त्याच बाटल्या ब्रिटिश पशुवैद्य मांजरांसाठी लिहून देत. पुढे तेही बंद झाले.

यातला प्रत्येक प्रकार बाजारातून गेल्यावर हजारो घरांत तोच प्रश्न उभा राहिला: जुनी मात्रा नव्या बाटलीतून तशीच द्यायची का? त्याचे उत्तर नाही असे आहे. युनिट सारखे असले तरी औषध किती वेगाने शोषले जाते, शिखर केव्हा येते आणि किती टिकते, हे प्रत्येक प्रकारात वेगळे असते. एनपीएचच्या पाच युनिटांनीही साखर आवरत नसलेल्या मांजराला लांब टिकणारे इन्सुलिन पाच युनिटे दिले, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

हे नीट समजण्यासाठी घरात साखर मोजता येणे आवश्यक होते. दवाखान्यात नेलेल्या मांजराची साखर भीतीनेच चढते, त्यामुळे तिथला आकडा फसवा निघतो. झ्युरिक विद्यापीठात क्लाउडिया रॉइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 च्या सुमारास कानाच्या कडेला सूक्ष्म टोचणी देऊन थेंबभर रक्त घ्यायचे तंत्र प्रस्थापित केले. माणसांचा ग्लुकोमीटर या कामी चालतो, पण मांजराच्या रक्तात तो सहसा प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो. माणसाच्या रक्तातील साखरेचा मोठा भाग तांबड्या पेशींत असतो, मांजराची साखर मात्र जवळजवळ सगळी रक्तद्रवात असते, म्हणून हा फरक पडतो. बदलाच्या काळात एकच मीटर वापरणे त्यामुळे महत्त्वाचे ठरते. मीटरही त्याच आठवड्यात बदलला, तर आकड्यांतला फरक औषधाचा की यंत्राचा हे कळायला मार्ग उरत नाही.

2000 मध्ये माणसांसाठी ग्लार्जिन मंजूर झाले. आम्लधर्मी द्रावणातले हे इन्सुलिन त्वचेखाली जाताच सूक्ष्म कणांच्या रूपात साठते आणि सावकाश विरघळते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात रेट मार्शल आणि जॅकी रँड यांनी नव्याने मधुमेह झालेल्या 24 मांजरांचे तीन गट करून ग्लार्जिन, पीझेडआय आणि लेन्टे यांची तुलना केली. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ग्लार्जिनच्या आठही मांजरांचा मधुमेह ओसरला आणि त्यांना इन्सुलिनची गरज उरली नाही. पीझेडआयच्या गटात अशी तीन मांजरे होती, लेन्टेच्या गटात दोन. गट लहान होते, म्हणून आकड्यांवर अवाजवी भार टाकू नये, पण दिशा स्पष्ट होती. त्याच वर्षी कर्स्टन रूम्प आणि रँड यांनी 55 मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या मांजरांचे पालक घरीच दिवसातून अनेकदा साखर मोजून ग्लार्जिनची मात्रा बसवत होते. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही काटेकोर पद्धत सुरू झालेल्या मांजरांपैकी 84 टक्के मधुमेहातून बाहेर आली, उशिरा सुरू झालेल्यांपैकी 35 टक्के. घरच्या माणसांनी रोज लिहिलेले आकडे शास्त्राला पुरावा म्हणून उपयोगी पडले, ही या इतिहासातली फार मोलाची घटना आहे.

2009 हे वर्ष दुसऱ्या कारणानेही लक्षात राहिले. डुकराच्या इन्सुलिनपासून बनलेले लेन्टे, व्हेटसुलिन, अमेरिकेत 2004 मध्ये कुत्र्यांसाठी आणि 2008 मध्ये मांजरांसाठी मंजूर झाले होते. नोव्हेंबर 2009 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की त्यातील स्फटिकी जस्त-इन्सुलिनचे प्रमाण बदलते आढळत आहे आणि त्यामुळे परिणाम लवकर-उशिरा होऊ शकतो. एका झटक्यात असंख्य प्राण्यांचे इन्सुलिन बदलावे लागले. जीवाणूंकडून मिळवलेल्या मानवी इन्सुलिनचे पीझेडआय, प्रोझिंक, त्याच वर्षी मांजरांसाठी मंजूर झाले, म्हणून अनेकांची सोय लागली. व्हेटसुलिन पुढे काही वर्षांनी परत आले. अलीकडे डेटेमिर या माणसांसाठीच्या लांब टिकणाऱ्या इन्सुलिनची विक्री अमेरिकेत 2024 च्या अखेरीस थांबली आणि त्यावर असलेल्या मांजरांवर पुन्हा तीच वेळ आली.

या अनुभवातून बदलाची जी रीत स्थिरावली, तिच्यात आधी कारण तपासतात. जुने इन्सुलिन लागू पडत नाही असे वाटते तेव्हा अनेकदा दोष बाटली शिळी होण्याचा, टोचण्याच्या पद्धतीचा, आहाराचा किंवा दात व मूत्रमार्गाच्या संसर्गाचा असतो. बदल ठरल्यावर जुने औषध थांबवून दिवस रिकामे ठेवत नाहीत, कारण इन्सुलिनविना राहिलेल्या मांजराच्या रक्तात कीटोन साचून जीवघेणी आम्लता येऊ शकते. पुढच्या ठरलेल्या वेळी नवे इन्सुलिन सुरू होते. मात्रा पशुवैद्य नव्याने ठरवतात, बहुधा सुरुवातीच्याच पातळीवर, म्हणजे दर बारा तासांनी साधारण एक युनिट. पहिल्या दिवसांत दर दोन-तीन तासांनी मोजून साखर सर्वांत खाली केव्हा आणि किती जाते ते टिपतात. ती 80 ते 150 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात राहावी अशी अपेक्षा असते. 80 च्या खाली गेल्यास मात्रा घटवतात. आकडा चढा दिसला तरी निदान आठवडाभर मात्रा वाढवण्याची घाई करत नाहीत, कारण लांब टिकणाऱ्या इन्सुलिनचा साठा बसायला काही दिवस लागतात. बाटली हाताळण्याची रीतही बदलते: व्हेटसुलिन जोराने हलवून एकजीव करायचे, पीझेडआय तळहातांत हलके फिरवायचे, ग्लार्जिन हलवायचे नाही आणि पातळही करायचे नाही. मांजर लडखडू लागले, गळून गेले किंवा झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोज चोळून लगेच दवाखाना गाठतात.

माणसांच्याच औषधांच्या कुळातून आता मांजरांसाठी तोंडाने देण्याची औषधे आली आहेत. बेक्साग्लिफ्लोझिन डिसेंबर 2022 मध्ये आणि व्हेलाग्लिफ्लोझिन 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. इंजेक्शनांतून सुटका होईल या आशेने इन्सुलिन सोडून त्यांच्याकडे वळण्याचा मोह स्वाभाविक आहे. मंजुरी मात्र पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांपुरती आहे. स्वतःचे इन्सुलिन पुरेसे न बनवणाऱ्या मांजरात या औषधांनी साखर सामान्य दिसत असतानाही रक्तात कीटोन साचू शकतात, आणि घरचा ग्लुकोमीटर तो धोका दाखवू शकत नाही.