शस्त्रक्रियेपूर्वी पोषणाची पारख

शस्त्रक्रिया ठरली की रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, ईसीजी असे सोपस्कार पार पडतात. गेल्या सहा महिन्यांत वजन किती घटले, हा प्रश्न मात्र अनेकदा राहून जातो. त्याचे मोल १९३६ मध्येच दिसून आले होते. अमेरिकेतील क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक हायरम स्टडली यांनी पेप्टिक अल्सरची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आधीच २० टक्क्यांहून अधिक वजन गमावलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश दगावले होते. इतरांत हे प्रमाण साडेतीन टक्के होते.

जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिने शरीर स्वतःचेच स्नायू झिजवून मिळवते. हा साठा आधीच आटलेला असेल तर टाके उसवणे, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. सहा महिन्यांत १० टक्क्यांहून अधिक घट किंवा साडेअठराहून कमी बॉडी मास इंडेक्स ही गंभीर लक्षणे होत. स्थूल रुग्णाबाबत फसगत होते, कारण चरबीआड झिजलेले स्नायू दिसत नाहीत. रक्तातील अल्ब्युमिन पूर्वी पोषणाचे माप मानले जाई. आजारातील दाहामुळेही ते घटते, हे आता स्पष्ट झाले आहे. ते धोका सांगते, उपासमार नव्हे.

कुपोषण तीव्र असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर ७ ते १४ दिवस थांबून आधी पोषण द्यावे, असे युरोपीय तज्ज्ञांचे मार्गदर्शन आहे. कर्करोगातही हेच लागू होते. वजनाच्या प्रतिकिलोमागे २५ ते ३० कॅलरी आणि दीड ग्रॅम प्रथिने, म्हणजे साठ किलोच्या रुग्णाला रोज ९० ग्रॅम, हे ढोबळ गणित. पेज आणि साबुदाण्याच्या खिरीवर ते जुळत नाही. शक्यतो तोंडाने, ते न जमल्यास नळीने आणि आतडे चालत नसेल तरच शिरेतून, असा क्रम असतो. फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर अन्न देणे घातक ठरू शकते. रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने घसरतात. म्हणून बी-१ जीवनसत्त्व देऊन आहार हळूहळू वाढवतात.

'सलाइन लावले आहे, म्हणजे पोटाची सोय झाली', हा नातेवाइकांचा समज खरा नाही. साध्या सलाइनमध्ये एकही कॅलरी नसते. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत जेमतेम १७० ते २०० कॅलरी असतात, प्रथिने मुळीच नसतात.