जुन्नरची द्राक्षे आणि दूरचे गिऱ्हाईक

पुणे जिल्ह्यात घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर, घोड नदीच्या खोऱ्यात, शिनोली हे गाव आहे. या गावाहून पश्चिमेची वाट धरली तर डिंभ्याचे धरण, त्यापलीकडे सह्याद्रीचे कडे आणि पावसाळ्यात भातखाचरांनी भरून जाणारा आदिवासींचा डोंगरी मुलूख लागतो. आणि नदीच्या ओघाबरोबर पूर्वेस उतरत गेले तर मंचरच्या बाजूची सपाट, मोकळी, कोरड्या हवेची जमीन सुरू होते. इतक्या थोड्या अंतरात पर्जन्यमानाचा इतका मोठा उतार पडतो, ही या प्रदेशाची प्रकृती आहे, आणि येथील शेतीचा, व्यापाराचा व संपत्तीचा इतिहास याच उतारावरून वाहत आला आहे. द्राक्षवेलीला पाणी मुळाशी हवे असते, पानांवर नको असते. पाऊस रेंगाळला की केवड्यासारख्या रोगाने सारा मांडव काळवंडतो. म्हणून ती डोंगराच्या कुशीत न रुजता, डोंगराचे पाणी कालव्याने जेथे पोहोचले त्या जुन्नर-आंबेगाव तालुक्यांच्या पूर्वेकडील पट्ट्यात, विशेषतः नारायणगावच्या परिसरात, रुजली.

या परिसराने भारतीय वाइनच्या इतिहासात एक मोठे पर्व घडविले, आणि तेथेच ते पर्व मोडूनही पडले. आज मोठ्या शहरांतून काही उत्साही माणसे शेदोनशे कुटुंबांचा लहानसा वाइन क्लब चालवावा, निवडक बाटल्यांची माहिती सभासदांना आंतरजालावरून कळवावी, मागणी व वर्गणी तेथेच घ्यावी आणि माल घरपोच पोहोचवावा, असा व्यवसाय करू पाहतात, तेव्हा त्यांच्यापुढे ज्या अडचणी उभ्या राहतात त्यांचे मूळ या प्रदेशाच्या दीर्घ भूतकाळात सापडते. येथे द्राक्षाला, भांडवलाला किंवा कौशल्याला तोटा पडला नाही. वाइन करणारा आणि वाइन पिणारा यांची प्रत्यक्ष गाठ मात्र कधी पडली नाही.

या कथेचा आरंभ फार मागे जातो. सातवाहनांच्या काळी जुन्नर ही मोठी व्यापारी पेठ होती, आणि कोकणातील बंदरांतून येणारा माल नाणेघाट चढून येथे उतरत असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, आणि वाटेवरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून आजही दाखविला जातो. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत: इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. या यवनांच्या मायदेशाकडून जो माल येथे येत असे त्यात द्राक्षाची वाइन होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तीत वाइनला पहिले स्थान आहे, आणि इटलीच्या वाइनला अधिक पसंती असल्याचे सांगून लाओदिकेआच्या व अरबस्तानच्या वाइनचीही नोंद केली आहे. डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली नेवासे येथे जे उत्खनन झाले त्यात ज्या दुमुठी रोमन कुंभांची खापरे मिळाली, ते कुंभ वाइन व तेल यांच्या वाहतुकीसाठीच वापरले जात. त्याच ग्रंथात असेही लिहिले आहे की कल्याण बंदरातील व्यापारावर पुढे राजसत्तेने निर्बंध घातले आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. व्यापारी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये सत्तेने उभे राहावे, याचा या किनाऱ्यावरील हा फार जुना दाखला होय.

त्यानंतर सुमारे चौदा शतकांनी, बहमनी अमदानीत, अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरून घाट चढला आणि जुन्नरास पोहोचला. त्याने पावसाळा येथेच काढला. जुन्नरच्या सुभेदाराने त्याचा घोडा हिरावून घेतला आणि धर्मांतराची अट घातली. एका खुरासानी गृहस्थाच्या रदबदलीने तो त्या संकटातून सुटला. आपल्या प्रवासवृत्तात या मुलखातील पेयांविषयी लिहिताना तो नारळापासून आणि ताडापासून होणाऱ्या मद्याचा उल्लेख करतो, द्राक्षाच्या मद्याचा करीत नाही. इब्न बतूता याने त्याच्या एक शतक आधी दौलताबादेत वर्षातून दोनदा फळणाऱ्या द्राक्षांची नोंद करून ठेवली होती. म्हणजे दख्खनच्या भूमीला द्राक्ष अपरिचित नव्हते. परंतु ते फळ म्हणून खाल्ले जात होते. जुन्नरसारख्या पेठेत त्यापासून वाइन करण्याचा धंदा तेव्हा उभा राहिलेला दिसत नाही.

इंग्रजी अमदानीत मद्याच्या प्रश्नाला महसुलाचे रूप आले. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळण्याचा, विकण्याचा आणि बाळगण्याचा सारा व्यवहार सरकारी परवान्याखाली आणला. जागोजागीचे मक्ते लिलावाने देण्यात येऊ लागले. आपल्या वापरापुरती ताडी काढणारा किंवा मोहाची दारू गाळणारा माणूस एका फर्मानासरशी गुन्हेगार ठरला, आणि मद्य हे समाजाच्या हातून निसटून मक्तेदाराच्या व अबकारी दफ्तराच्या हाती गेले. स्वातंत्र्यानंतर 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यामागील हेतू लोककल्याणाचा होता याविषयी शंका नाही. गांधीजींच्या चळवळीचा आणि मद्यपी नवऱ्याच्या हातून मार खाणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या अश्रूंचा त्याला आधार होता. पुढे संपूर्ण बंदी सैल झाली, परंतु कायद्याची चौकट तीच राहिली. पिणाऱ्याजवळ परवाना असावा, विकणाऱ्याजवळ परवाना असावा, आणि मद्याची जाहिरात कोणी करू नये, ही तिची तत्त्वे आजही कायम आहेत.

इकडे शेतीचा प्रवाह निराळ्या दिशेने चालला होता. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी 1925 च्या सुमारास द्राक्षाची लागवड केली, आणि तेथून महाराष्ट्रातील व्यापारी द्राक्षशेतीचा प्रारंभ मानला जातो. भोकरी, फकडी अशा बियांच्या जातींनंतर थॉमसन सीडलेस आली. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असे वर्षाचे दोन टप्पे पडले, आणि युरोपात वेली झोपी जातात त्या काळात आपल्याकडे त्यांना घड धरविण्याची विद्या शेतकऱ्याने हस्तगत केली. जुन्नर तालुक्यातील बागायतदार या विद्येत कोणाच्या मागे नव्हते. कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी पाण्याची शाश्वती दिली, पुणे-नाशिक रस्त्याने बाजारपेठ दिली.

या भूमीवर 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात शामराव चौगुले या उद्योजकाची दृष्टी पडली. फ्रान्सच्या शॅम्पेन प्रांतातील पायपर-हाइडसिक या जुन्या पेढीचे तांत्रिक साहाय्य मिळवून त्यांनी नारायणगाव येथे फेसाळ वाइनचा कारखाना उभारला. शार्दोने, उनी ब्लां, पिनो न्वार अशा परदेशी वेली येथल्या मातीत लावण्यात आल्या. फेसाळ वाइनसाठी द्राक्ष पूर्ण गोड होऊ द्यावयाचे नसते. त्यातील आंबटपणा शिल्लक असतानाच ते तोडावे लागते. पहिल्यांदा रस टाक्यांत आंबवावयाचा, मग साखर व किण्व घालून तो बाटलीत भरावयाचा आणि बाटलीच्या आतच दुसऱ्यांदा आंबू द्यावयाचा, म्हणजे निघालेला वायू बाहेर न जाता वाइनमध्येच विरघळतो. महिनोन्‌महिने बाटल्या तळघराच्या गारव्यात आडव्या ठेवावयाच्या. नंतर त्यांचे तोंड हळूहळू खाली करीत, रोज थोडथोडे फिरवीत, गाळ मानेशी आणावयाचा. शेवटी ती मान गोठवून गाळाचा गोळा वायूच्या दाबाने बाहेर उडवावयाचा आणि तेवढी रिकामी जागा वाइनने भरून बूच ठोकावयाचे. इतके कष्टाचे, इतक्या संयमाचे काम ऊस आणि कांदा पिकविणाऱ्या मुलखातील कामगारांनी शिकून घेतले, ही गोष्ट माझ्या मते त्या कारखान्याच्या सर्व यशांत अग्रगण्य आहे.

ही वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने इंग्लंडात गेली. ज्या फारसी कवीच्या रुबायांचा माधव जूलियन यांनी मराठीस परिचय करून दिला, त्याचे नाव धारण केलेली नारायणगावची बाटली 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनच्या दुकानांत विकली जाऊ लागली, आणि तेथील जाणकारांनी तिची प्रशंसा केली. देशात तीच जात ‘मार्कीज द पॉम्पादूर’ या नावाने पंचतारांकित हॉटेलांतून मिळे. म्हणजे या उद्योगाचे एक गिऱ्हाईक सातासमुद्रापलीकडे होते, दुसरे महानगराच्या उंच इमारतीत होते, आणि ज्या शेतकऱ्याच्या मांडवाखाली ते द्राक्ष पिकले त्याच्याशी या दोघांपैकी कोणाचाही काही संबंध नव्हता. शेतकऱ्याचा करार एका कंपनीशी होता, आणि त्या कंपनीचे भवितव्य हेच त्याचे भवितव्य झाले.

2001 साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. अबकारीची सूट मिळाली, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क निघाले, नाशिकला नवे कारखाने उभे राहिले आणि वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. नारायणगावच्या कंपनीने परदेशांतही कारखाने व व्यापारी पेढ्या घेण्याचे धाडस केले. तोच 2008 च्या जागतिक अर्थसंकटाची लाट आली. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर हॉटेलांतील वर्दळ ओसरली, मागणी घसरली, टाक्यांत वाइन साचून राहिली. कर्जाच्या ओझ्याखाली ती कंपनी कोसळली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अवसायनापर्यंत गेले. महाराष्ट्रातील अनेक बागायतदारांनी त्या वर्षांत वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे मोर्चा वळविला. खाण्याच्या द्राक्षांचे उत्पादक त्या मानाने सावरलेले होते, कारण 1991 साली ‘महाग्रेप्स’च्या रूपाने त्यांच्या सहकारी संस्था एकत्र येऊन युरोपच्या बाजारात स्वतःच्या पायांनी उतरल्या होत्या. वाइनच्या शेतकऱ्याजवळ अशी संस्था नव्हती, आणि त्याच्या द्राक्षाची वाइन पिणाऱ्या एकाही कुटुंबाचे नाव त्याच्या वहीत नव्हते.

येथे इंग्लंडमधील एक उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. 1874 साली लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनानंतर तळघरात पोर्तुगालच्या वाइनची पिंपे पडून राहिली होती. ती विकण्याच्या निमित्ताने काही गृहस्थांनी भोजने आयोजित केली, आणि त्यांतून ‘द वाइन सोसायटी’ ही संस्था जन्मास आली. तिचे तत्त्व असे की प्रत्येक सभासदाने एक भाग घ्यावा, संस्थेने निवडून चांगली वाइन आणावी, आणि नफा कोणा तिऱ्हाइताच्या खिशात न जाता सभासदांच्याच हिताला लागावा. ही संस्था आजही सभासदांच्याच मालकीची आहे. पुढे 1969 साली टोनी लेथवेट या तरुणाने बोर्दोच्या शेतकऱ्यांकडील वाइन स्वतः गाडीत घालून आणून थेट ग्राहकांस विकण्यास आरंभ केला, आणि 1973 साली त्यातून एका वृत्तपत्राच्या नावाने मोठा वाइन क्लब निघाला. आजचे आंतरजालावरील सर्व क्लब या दोन प्रयत्नांचे वारस आहेत. पुणे जिल्ह्यातील माणसाला यातील पहिला प्रयत्न परका वाटू नये. भाग, सभासद, निवडणूक, नफ्याची वाटणी हे शब्द विघ्नहर आणि भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या गाळप हंगामाबरोबर येथील घरोघरी बोलले जातात. ज्या सहकाराने उसाला भाव दिला, दुधाला बाजार दिला, त्याच्याच कुळातील ही कल्पना आहे.

मग असा क्लब येथे सहज का निघत नाही? प्रत्येक राज्याचा अबकारी कायदा निराळा आहे. एका राज्यातील बाटली दुसऱ्या राज्यात विकावयाची तर तिच्या प्रत्येक लेबलाची नोंदणी आणि शुल्क निराळे. मोठ्या कंपनीला हा भार जाणवत नाही. परंतु ज्याला शंभर बाटल्या एका प्रकारच्या आणि शंभर दुसऱ्या प्रकारच्या पाठवावयाच्या आहेत, त्याचा सारा नफा या शुल्कातच जिरतो. जाहिरातीस मनाई असल्याने सभासद मिळतात ते केवळ तोंडोतोंडी झालेल्या प्रशंसेने. माल घरी पोहोचविण्याचे काम परवानाधारक दुकानदारामार्फतच करावे लागते. 2020 च्या मे महिन्यात टाळेबंदीमुळे शासनाने घरपोच विक्रीस अनुमती दिली, ती दुकानदार आणि परवानाधारक ग्राहक यांच्यापुरतीच होती. आणि एप्रिल-मेच्या उन्हात बंद मोटारीत तापलेली वाइन रसहीन होते, हा निसर्गाचा कायदा तर कोणत्याही शासनाला बदलता येत नाही.

27 जानेवारी 2022 रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि राज्यभर वाद उसळला. तो निर्णय अंमलात आला नाही. या विरोधाकडे मी आदराने पाहतो. ज्या राज्यात खेड्यातील स्त्रियांनी मतदान करून, ‘आडवी बाटली’ला कौल देऊन, गावातील दारूचे दुकान बंद पाडले आहे, त्या राज्यात मद्याचा प्रश्न केवळ शेतमालाच्या भावाचा होऊ शकत नाही. वाण्याच्या दुकानात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोळ्यांसमोर बाटली मांडणे आणि मागणी नोंदविणाऱ्या, वयाची व परवान्याची रुजुवात झालेल्या सभासदास मोजक्या बाटल्या पाठविणे, या दोन गोष्टींत मात्र फार अंतर आहे. दुकानात कोण आला आणि काय घेऊन गेला याचा हिशेब राहत नाही. क्लबाच्या वहीत प्रत्येक बाटलीपुढे एक नाव असते. दारूबंदीचे समर्थक ज्या संयमाचा आग्रह धरतात, तो संयम पाळण्याची सोय या पद्धतीत अधिक आहे.

सातवाहनांच्या पेठेपासून नारायणगावच्या तळघरापर्यंत या मुलखाने दूरच्या गिऱ्हाइकावर विसंबून व्यापार केला, आणि दूरचे गिऱ्हाईक दिसेनासे झाले की शेतकरी एकटा पडला. यापुढे जुन्नर-आंबेगावच्या बागायतदारांनी पुन्हा वाइनच्या वेली लावावयाच्या असतील, तर एखाद्या कंपनीचा करार हाती घेण्यापूर्वी त्यांनी सभासदांची सहकारी संस्था उभारावी, पुण्या-मुंबईतील काही शे कुटुंबांना तिचे भागधारक करून घ्यावे, आणि त्यांच्या वर्षभराच्या मागणीइतकीच लागवड करावी. शासनानेही लहान उत्पादकांसाठी लेबलांचे शुल्क कमी करून आणि नोंदणीकृत सभासदाला थेट माल पाठविण्याचा निराळा परवाना देऊन या मार्गाला कायद्याचे अधिष्ठान द्यावे. शॅम्पेनची विद्या येथील मजुरांनी एकदा आत्मसात करून दाखविली आहे, आणि सहकाराची विद्या तर त्यांच्या घरचीच आहे; या दोहोंची सांगड घालण्याचे कार्य अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते शेतकऱ्यांच्या पुढाकारानेच होईल.