वायमारचा एक आठवडा : बाउहाउस, ऑगस्ट १९२३

कलेच्या इतिहासात चळवळींची मोजदाद बहुधा दशकांनी केली जाते. एखाद्या आठवड्याला स्वतःचा इतिहास असावा, असे क्वचितच घडते. जर्मनीतील वायमार येथे १५ ते १९ ऑगस्ट १९२३ या काळात साजरा झालेला ‘बाउहाउस आठवडा’ अशा दुर्मिळ प्रसंगांपैकी एक होय. नावाने आठवडा, प्रत्यक्षात पाच दिवस. पण एका कलाशाळेचे सारे अंतर्विरोध या पाच दिवसांत जसे उघड झाले, तसे तिच्या चौदा वर्षांच्या आयुष्यात क्वचितच झाले असतील.

वाल्टर ग्रोपियस यांनी १९१९ मध्ये बाउहाउसची स्थापना केली, तेव्हा त्यांच्या जाहीरनाम्यावर लायोनेल फायनिंगर यांनी कोरलेले कॅथेड्रल होते. चित्रकार, शिल्पकार आणि कारागीर यांच्यातील भेदाची भिंत पाडून सर्वांनी मिळून एकच वास्तू उभारायची, हे त्यामागचे स्वप्न. चार वर्षांनी थुरिंगिया राज्याच्या सरकारने या स्वप्नाचा हिशेब मागितला. आर्थिक साहाय्य हवे असेल तर आजवरचे काम लोकांसमोर मांडा, असा तो आग्रह होता. शाळा अजून घडते आहे, प्रदर्शनाची वेळ आलेली नाही, असे ग्रोपियस यांचे मत होते. पण पर्याय नव्हता. म्हणजे ज्याला आपण आज उत्सव म्हणतो, ती मुळात सत्तेने लादलेली परीक्षा होती.

काळही कसोटीचा होता. आठवडा सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी बर्लिनमधील कूनो यांचे सरकार कोसळले होते. एका डॉलरला लाखो मार्क मोजावे लागत; नोव्हेंबरपर्यंत हा आकडा ४.२ लाख कोटींवर गेला. बाउहाउसचाच विद्यार्थी हर्बर्ट बायर याने त्या दिवसांत थुरिंगियाच्या बँकेसाठी दहा लाख आणि त्याहून मोठ्या रकमांच्या नोटांचे आरेखन केले. नव्या मुद्रणकलेचा पहिला मोठा वाचकवर्ग असा पैशाच्या अवमूल्यनाने मिळवून दिला, हा इतिहासाचा कठोर विनोद म्हणावा लागेल.

पहिल्या दिवशी ग्रोपियस यांचे व्याख्यान झाले. विषय होता ‘कला आणि तंत्रज्ञान : एक नवे ऐक्य’. १९१९ च्या जाहीरनाम्यात कारागिरीकडे परतण्याची हाक होती. आता कारागिराच्या जागी यंत्र आले. हा बदल एका रात्रीत झाला नव्हता. गूढवादाकडे झुकलेले योहानेस इटेन त्याच वर्षी शाळा सोडून गेले होते आणि लास्लो मोहोली-नागी आले होते. तरीही ज्यांच्या कॅथेड्रलने शाळेची सुरुवात झाली, त्या फायनिंगर यांना ही नवी घोषणा मुळीच मान्य नव्हती. शाळा एकमुखाने बोलते आहे असे बाहेरच्यांना वाटावे म्हणून हा आठवडा भरवला होता. आत मात्र ती दोन भाषांत बोलत होती.

दुसऱ्या दिवशी कांडिन्स्की यांचे व्याख्यान आणि ऑस्कर श्लेमर यांचे ‘त्रयी नृत्यनाट्य’. तिसऱ्या दिवशी डच वास्तुकार औड यांचे भाषण, आणि शेजारच्या येना शहरात यांत्रिक नृत्यांचा प्रयोग. त्यानंतर हिंडेमिथ, बुसोनी, क्रेनेक आणि स्ट्राविन्स्की यांचे संगीत. शेवटी कंदिलांचा उत्सव. श्लेमर यांच्या नर्तकांनी शंकू, गोल आणि तबकड्यांचे पोशाख चढवले ते वायमारच्या राष्ट्रीय नाट्यगृहात. गटे आणि शिलर यांच्या परंपरेचे हे रंगस्थान. १९१९ मध्ये जर्मन प्रजासत्ताकाची घटना तेथेच संमत झाली होती.

आम्हांला अधिक विचार करण्याजोगी वाटते ती प्रदर्शनाची विभागणी. शाळेच्या इमारतीत कार्यशाळांचे काम आणि आंतरराष्ट्रीय वास्तुकलेचे दालन होते. इल्म नदीकाठच्या उद्यानाच्या वरच्या अंगाला, गटे यांच्या उद्यानगृहापासून जवळच, गेओर्ग मुखे यांच्या आराखड्याचे ‘हाउस आम होर्न’ उभे राहिले. मध्ये बैठकीची खोली, भोवती लहान खोल्या. मार्सेल ब्रॉयर यांचे फर्निचर, मुलांच्या खोलीत आल्मा बुशर यांनी घडवलेले सामान. बर्लिनचे लाकूड व्यापारी आडोल्फ सोमरफेल्ड यांच्या पैशामुळे काही महिन्यांत हे घर पुरे झाले. आणि चित्रे? ती गेली राज्याच्या कलासंग्रहालयात. म्हणजे चित्र आणि खुर्ची यांतील भेद मिटवायला निघालेल्या शाळेने, जगासमोर येताना, चित्र संग्रहालयात टांगले आणि खुर्ची घरात ठेवली. त्यात व्यवहाराची सोय असेल. पण सोयच कधीकधी सिद्धान्तापेक्षा खरे बोलते.

येथे आपल्याकडील एका घटनेची आठवण होते. या आठवड्याच्या आठच महिने आधी, डिसेंबर १९२२ मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलाकृती मांडल्या गेल्या होत्या. त्यामागे स्टेला क्रामरिश यांचा पुढाकार होता. कलकत्त्याने पाहिले ते क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर, इटेन यांचे बाउहाउस, चित्रकारांचे. यंत्राचे बाउहाउस तोवर जगासमोर आलेच नव्हते.

सुमारे पंधरा हजार लोकांनी वायमारचे प्रदर्शन पाहिले. परदेशांतही त्याची चर्चा झाली. घरी मात्र एक वाक्प्रयोग महाग पडला. श्लेमर यांनी प्रदर्शनाच्या पत्रकात ‘समाजवादाचे कॅथेड्रल’ असे शब्द लिहिले होते. पत्रक मागे घेतले गेले, पण काही प्रती बाहेर पोहोचल्या होत्या आणि विरोधकांना हवे ते हत्यार मिळाले. साहित्याच्या अभ्यासकांनी हे जरूर लक्षात घ्यावे : खुर्च्या, गालिचे आणि दिवे यांचे प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेवर खटला चालला तो एका रूपकावरून. नोव्हेंबरमध्ये ग्रोपियस यांच्या घराची लष्कराने झडती घेतली. फेब्रुवारी १९२४ च्या निवडणुकीत उजव्या पक्षांच्या हाती सत्ता आली, अनुदान निम्मे झाले, आणि १९२५ मध्ये शाळा डेसाउला गेली. परीक्षा उत्तीर्ण होऊनही विद्यार्थ्याला शाळेबाहेर काढावे, तसे हे झाले.

उरले काय? १९३० मध्ये थुरिंगियात नाझी मंत्री आला. श्लेमर यांनी कार्यशाळेच्या इमारतीत, याच प्रदर्शनासाठी रंगवलेली भित्तिचित्रे नष्ट करण्यात आली आणि राज्याच्या कलासंग्रहातून क्ले, कांडिन्स्की, फायनिंगर प्रभृतींच्या सुमारे सत्तर कलाकृती हटवल्या गेल्या. जतन करणे हे ज्या संस्थेचे ब्रीद, ती सात वर्षांत रिकामी झाली. आणि प्रदर्शनापुरते म्हणून घाईने बांधलेले घर आजही उभे आहे. १९९६ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे.

२०१९ मध्ये वायमारमध्ये बाउहाउसचे नवे संग्रहालय उघडले. ज्या शहराने शाळेला घालवून दिले, तेच आता तिच्या वस्तू काचेआड जपते. यात प्रायश्चित्त आहे, पण एक इशाराही आहे. संग्रहालयाच्या भिंती कलेला आसरा देतात तो त्या भिंतींवर कोणाची सत्ता आहे त्यावर अवलंबून असतो. ग्रोपियस यांना १९२३ मध्ये हे कळले असावे. आपण मात्र ते दरवेळी नव्याने शिकतो.