बॅकमनच्या वटवट्याचा फोटो

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन शहराजवळ 'आय-ऑन' नावाची दलदल आहे. तिथे १९५८ साली जेरी पेन यांनी एका छोट्या पक्ष्याचा फोटो काढला. फांदीवर बसलेला नर, चेहरा आणि पोट पिवळे, गळ्यावर काळा डाग, पाठ हिरवट. लांबी जेमतेम ११ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या शिंजिरापेक्षा किंचित मोठा. त्याचे नाव बॅकमनचा वार्बलर. मराठीत वार्बलरला आपण वटवट्या म्हणतो, म्हणून इथेही तेच नाव वापरू. मात्र अमेरिकेतले हे वटवटे वेगळ्या कुळातले आहेत, आपल्याकडच्या वटवट्यांशी त्यांचे जवळचे नाते नाही.

या जातीचे जिवंतपणी काढलेले फोटो हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. संग्रहालयांत मात्र तिची कातडी भरपूर सापडतात. असे का झाले असावे? या प्रश्नाचा माग काढताना पक्षिशास्त्राचा आणि कॅमेऱ्याचाही बराच इतिहास हाती लागतो.

सुरुवात १८३२ ची. जॉन बॅकमन हे चार्ल्सटनचे धर्मोपदेशक आणि हौशी निसर्ग-अभ्यासक. त्यांना शहराजवळच्या दलदलीत हा पक्षी मिळाला. मिळाला म्हणजे अर्थातच बंदुकीने. त्या काळी दुर्बिणी यथातथाच होत्या, आणि पक्षी हातात घेतल्याशिवाय त्याची ओळख पटवणे शास्त्राला मान्य नव्हते. बॅकमन यांनी कातडी आपले मित्र जॉन जेम्स ऑड्युबन यांच्याकडे पाठवली. ऑड्युबन यांनी १८३३ मध्ये जातीला मित्राचे नाव दिले आणि तिचे चित्रही काढले, पण हा पक्षी जिवंत असा त्यांनी कधीच पाहिला नाही. चित्रातली पांढरी फुले बॅकमन यांच्या मेहुणी मारिया मार्टिन यांनी रंगवली. ती फ्रँकलिनिया नावाच्या झाडाची आहेत. १८०३ नंतर हे झाड रानात कोणाला दिसलेले नाही, आज ते फक्त बागांमध्ये लावलेले आढळते. एकाच कागदावर पक्षी आणि झाड, आणि आज दोन्ही रानातून गेलेले! चित्र काढणाऱ्यांच्या मनात असे काही असण्याची शक्यता नव्हती.

यानंतर पन्नासहून अधिक वर्षे हा पक्षी जवळपास विसरला गेला. १८८६ मध्ये तो लुइझियानात पुन्हा मिळाला. मिळवणारे चार्ल्स गॅलब्रेथ हे बायकांच्या टोप्यांवर लावण्यासाठी छोटे पक्षी गोळा करत होते. पुढे फ्लोरिडाच्या दक्षिणेकडील एका दीपस्तंभावर आपटून एका रात्रीत वीसएक पक्षी मेल्याची नोंद आहे. ही १८८९ च्या मार्च महिन्यातली गोष्ट. हिवाळा क्यूबात काढून ते उत्तरेकडे परतत होते. म्हणजे तोवर हा पक्षी फार दुर्मिळ नव्हता, फक्त माणसांच्या नजरेआड होता. १८९७ मध्ये ऑटो विडमन यांना मिसुरी राज्यात पहिले घरटे सापडले. त्यानंतर आर्थर वेन यांनी आय-ऑन दलदलीत तीसएक घरटी शोधली, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अंडी संग्रहासाठी उचलली.

याच सुमारास इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीअर्टन हे बंधू कॅमेरा घेऊन रानात फिरत होते. १८९५ साली त्यांनी पक्ष्यांच्या घरट्यांवर एक पुस्तक काढले, त्यातली सारी चित्रे म्हणजे निसर्गात काढलेले फोटो होते. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून बैलाचे कातडे आतून पोकळ ठेवून त्यात बसण्याचीही युक्ती त्यांनी केली. मग अमेरिकेतल्या या वटवट्याचे फोटो तेव्हाच का निघाले नाहीत?

उत्तर सोप्या गणितात आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून ते फळ्यावर करून घेता येईल. पक्षी ११ सेंटिमीटरचा, अंतर ६ मीटर. नेहमीच्या ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाने फिल्मवर त्याची प्रतिमा १ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ४०० मिलिमीटरचे भिंग लावले तर ती ७ ते ८ मिलिमीटर होते. म्हणजे लांब भिंग हवे.

आता प्रकाशाकडे वळू. १९३६ नंतर कोडाक्रोम ही रंगीत फिल्म फोटोसाठी मिळू लागली. तिची संवेदनक्षमता आजच्या मोजपट्टीवर साधारण १० होती. भर उन्हात भिंगाचे छिद्र एफ-१६ वर ठेवले तर तिला सेकंदाचा दहावा भाग प्रकाश द्यावा लागे. छिद्र एफ-५.६ पर्यंत उघडले की प्रकाश आठपट होतो आणि वेळ १/८० सेकंदावर येतो. हे ठीक आहे. पण आपला पक्षी उन्हात नाही! तो दाट झाडीत, दलदलीच्या सावलीत बसला आहे. तिथला प्रकाश उन्हाच्या बत्तिसाव्या हिश्शाइतका धरू. मग वेळ झाली ०.४ सेकंद. एवढ्या वेळात वटवट्या दोनदा मान वळवतो आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसतो. आजचा कॅमेरा ३२०० संवेदनक्षमतेवर सहज चालतो. तीच सावली आणि तेच छिद्र ठेवून वेळ काढा : १/८०० सेकंद. आजचे पक्षिछायाचित्र पाहून छायाचित्रकाराच्या कौशल्याचे कौतुक आपण जरूर करावे, पण ३२० पटींचा हा फरकही लक्षात ठेवावा.

जुन्या छायाचित्रकारांपुढे मग घरट्याचाच मार्ग उरे. पक्षी घरट्याकडे परत येणार हे ठाऊक असते, त्यामुळे कॅमेरा आधीच रोखून ठेवता येतो. फ्लॅशचा बल्ब एकदा पेटला की संपला, म्हणून एका वेळी एकच संधी. पण घरटे नीट दिसावे म्हणून समोरच्या फांद्या बाजूला केल्या की ते कावळ्याला आणि सापालाही दिसते. दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याजवळ फोटो काढू नये, हा आजच्या जाणत्या छायाचित्रकारांचा संकेत अशा अनुभवांतून आला आहे. आमच्या मते तो वर्गातही सांगायला हवा, कारण आता कॅमेरा प्रत्येक खिशात आहे.

इलेक्ट्रॉनिक फ्लॅश, लांब भिंगे आणि ३५ मिलिमीटरचे हलके कॅमेरे सहज मिळू लागले तोवर १९५० चे दशक उजाडले. त्याच दशकात या पक्ष्याचे गाणे ध्वनिमुद्रित झाले आणि वर सांगितलेला फोटोही निघाला. पण आता पक्षीच राहिले नव्हते. नदीकाठची पूरक्षेत्रातली जंगले लाकडासाठी तोडली गेली होती, दलदलींचे पाणी काढून तिथे शेती आली होती. या जंगलांत वेताएवढ्या बांबूची दाट बने असत. हा वटवट्या त्या बनांवर अवलंबून होता, असे मत जे. व्ही. रेमसन यांनी १९८६ मध्ये मांडले. ते खरे असेल तर त्याच्या झपाट्याने झालेल्या ऱ्हासाचे कोडे बरेचसे सुटते. शिवाय क्यूबात हिवाळ्यातले रान तोडून ऊस लावला जात होता. दोन देशांत घर असलेल्या पक्ष्याला दोन्हीकडून फटका बसला. शिकारी आणि अंडी गोळा करणारे निर्दोष नव्हते, पण मुख्य घाव कुऱ्हाडीचा होता असे आम्हांला वाटते.

फोटोत हे काही दिसत नाही. त्यात फांदी आहे, पक्षी आहे. भोवतीचे रान किती उरले होते ते चौकटीबाहेर आहे. मात्र त्या जागी, त्या साली ही जात जिवंत होती, एवढे तो सांगतो आणि त्यासाठी पक्षी मारावा लागलेला नाही. या फरकाचे मोल केवढे, याचे एक उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन करणारे रमणा अत्रेय यांनी अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात एक अनोळखी गाणारा पक्षी १९९५ मध्ये पाहिला. २००६ मध्ये तो जाळ्यात धरून मोजमापे घेतली, फोटो काढले, गळलेली पिसे ठेवली आणि पक्षी सोडून दिला. तेवढ्या पुराव्यावर 'बुगुन लिओसिकला' ही नवी जात जाहीर झाली. तिथे मोजकेच पक्षी दिसले होते. नमुन्यासाठी एक मारणेही परवडणारे नव्हते.

बॅकमनचा वटवट्या १९६७ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आला. १९७० च्या दशकात आय-ऑन दलदलीत त्याचा कसून शोध घेतला गेला, पण हाती काही लागले नाही. १९८८ नंतर ग्राह्य धरता येईल अशी नोंद नाही. २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने २३ जाती नामशेष म्हणून जाहीर करण्याचा प्रस्ताव मांडला. ऑक्टोबर २०२३ च्या अंतिम निर्णयात २१ राहिल्या. वगळलेल्यांत 'आयव्हरी-बिल्ड' हा मोठा सुतार पक्षी होता. तो अजून आहे असे म्हणणाऱ्यांनी अस्पष्ट फोटो आणि चित्रफिती सादर केल्या होत्या आणि त्यांवरचा वाद मिटलेला नव्हता. बॅकमनच्या वटवट्याचे नाव उरलेल्या २१ मध्ये होते.