बेशरम उपटली तरी काम अर्धेच : मामा तलाव पुन्हा जिवंत करण्याची ढिवरांची रीत

भंडारा-गोंदियाकडच्या मामा तलावाच्या पाळीवर उभे राहिले की बहुतेक ठिकाणी काठाने गुलाबी-जांभळ्या फुलांची दाट झुडपे दिसतात. हीच बेशरम. तोडली तरी फुटते, पाण्यात बुडाली तरी मरत नाही, म्हणून हे नाव. मूळची ती अमेरिका खंडातली. कुंपणाला चांगली, जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून लोकांनीच ती लावली आणि ती हळूहळू तलावात उतरली.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानाच्या ओलितासाठी असे हजारो तलाव बांधले. नवेगाव बांध त्यातलाच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाची देखरेख सैल पडली.

बेशरम नेमका काठाचा उथळ भाग धरते, आणि तलावाचा जीव तिथेच असतो. पाणवनस्पतींच्या आडोशाने मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात, देवधान उगवते, तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटे करतो. बेशरमीच्या जाळीत गाळ अडकतो, जाळे टाकता येत नाही. उपाशी शेळ्यांनी ती रोज खाल्ली तर विष भिनते, चालताना पाय लटपटतात. सगळ्यात मोठा फटका बसतो ढिवर कुटुंबांना. त्यांची चूलच तलावावर.

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही तलावांवर ढिवरांच्या मच्छीमार सहकारी संस्थांनी हे काम हाती घेतले. मनीष राजनकर यांचे भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ त्यांच्या सोबतीला होते. कोणता मासा कुठल्या वनस्पतीत राहतो, हे जुन्या ढिवरांना तोंडपाठ. तेच ज्ञान कामाचा पाया ठरले. उपटण्यापासून लागवडीपर्यंत बायकांचा हात मोठा.

वेळ उन्हाळ्याची. पाणी मागे हटले की बेशरम कुदळीने मुळासकट खोदून काढायची. नुसती कापली तर मेहनत पाण्यात. खोडाचा तुकडा ओल्या मातीत पडला तरी पेऱ्यातून मुळे फुटतात, म्हणून काढलेला ढीग पाळीवर टाकून घरी जायचे नाही. लांब कोरड्या जागी वाळवून जाळायचा. चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. मग मोकळ्या जागेत नांगर फिरवायचा.

अनेक गावे इथेच थांबतात आणि दोन वर्षांत बेशरम परत येते. जागा रिकामी राहिली की ती घेणारच. म्हणून पावसाळ्यात पाणी भरू लागले की जवळच्या चांगल्या तलावातून देशी वनस्पती आणून लावायच्या: खोल पाण्यात हायड्रिलासारख्या बुडून वाढणाऱ्या, मध्ये कमळ-कुमुदासारख्या तरंगत्या पानांच्या, काठाला देवधान आणि लव्हाळे. मात्र आणताना जलपर्णीचा एखादा कोंब सोबत येत नाही ना, हे बघा.

लागवड केली आणि त्याच तलावात गवत्या म्हणजे ग्रासकार्पचे बीज सोडले, तर तो मासा सगळे चरून टाकतो. वजन लवकर भरते म्हणून त्याचा मोह होतो, पण मरळ, मागूर, शिंगी हवे असतील तर निदान लागवडीच्या तलावात तो नको. जेसीबीचेही तसेच. गाळ जरूर काढा, शेताला तो सोन्यासारखा. पण सगळा तलाव एकसारखा खोल खरवडला तर उथळ काठही जातो आणि मातीतले बीही.

काम सुरू करण्याआधी तलाव कोणाच्या ताब्यात आणि मासेमारीचा ठेका कोणाकडे, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. नाहीतर घाम गावाचा आणि मासे तिसऱ्याचे. तलाव वनजमिनीत असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात पात्र गावांना मासे व पाण्यातील इतर उत्पन्नावर सामूहिक हक्क मागता येतो; दावा ग्रामसभेतून जातो. पुढची दोन-तीन वर्षे दर उन्हाळ्यात एक फेरी मारून नवे कोंब उपटावे लागतात. ते कोवळे असतात, हाताने निघतात.