चौपाटीवर परत येणारे

पावसाळ्यात मोठी भरती ओसरली की जुहूच्या वाळूवर कचऱ्याची एक लांबलचक रेघ उरते. दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, एका पायातली चप्पल, बाटल्यांची बुचे, थर्माकोलचे तुकडे आणि त्यांत अडकलेला एखादा सुकलेला हार. यातले बरेचसे कोणी किनाऱ्यावर येऊन टाकलेले नसते. मिठी, ओशिवरा, पोयसर आणि दहिसर या नद्यांतून आणि शहरभरच्या नाल्यांतून ते समुद्रात जाते. समुद्र ते ठेवून घेत नाही.

ही रेघ पाहणाऱ्या जुन्या मुंबईकरांच्या तोंडून हटकून एक वाक्य निघते : पूर्वीचे लोक असे नव्हते. गाडीला जरा धक्का लागला म्हणून रस्त्यात कोणी कोणाला बदडले, तरी हेच वाक्य ऐकू येते. त्या वाक्यामागचे दुःख खरे आहे. त्यात सांगितलेला इतिहास मात्र खरा नाही, आणि गिरगाव चौपाटीची वाळू त्याला साक्षी आहे.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली छापले गेले. ज्यावर गिरगाव चौपाटी आहे, त्या बॅक बेचा त्या काळातला किनारा आज कोणाला दाखवता आला असता, तर त्याने नाकाला रुमाल लावला असता. सांडपाणी ठिकठिकाणी थेट वाळूवर सोडलेले असे. हजारो लोकांचे प्रातर्विधी तिथेच उरकत. शहराचा केरकचरा कामाठीपुरा आणि महालक्ष्मीच्या बाजूच्या सखल दलदलीत भर म्हणून ओतला जाई आणि पुढे त्याच भरावावर वस्त्या उभ्या राहत. डॉ. लीथ यांनी १८६४ मध्ये बेटाच्या आरोग्यस्थितीवर सरकारला अहवाल दिला. पुढच्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाला. त्याने पैसा पाण्यासारखा खर्च केला आणि त्यावरून मोठे वादळही उठले, पण शहर झाडले जाऊ लागले ते तेव्हापासून.

झाडले जाऊ लागले, म्हणजे कोणी झाडले? सगळा प्रश्न इथे आहे.

मैला उचलणाऱ्याला तेव्हाच्या दप्तरात ‘हलालखोर’ म्हणत. ही माणसे मुख्यतः गुजरात-काठियावाडातून आलेली. रस्त्यावरचा केर उचलणाऱ्या खात्याचे नाव ‘कचरापट्टी’. त्यात कोकण आणि देशावरून आलेले महार कामगार मोठ्या संख्येने होते. घरमालकाने हलालखोर-पट्टी भरली की त्याची जबाबदारी संपली. टोपली कोणाच्या डोक्यावर चढते आणि ती कुठे रिकामी होते, हे पाहण्याचे त्याला कारण उरले नाही. मुंबईने स्वच्छता शिकून घेतली नाही. जातीने आधीच खाली ढकललेल्या माणसांवर तिने ती सोपवली.

आणि सोपवल्यावर त्यांना सुटूही दिले नाही. हलालखोरांनी १८८९ मध्ये संप केला. १८९० साली इलाख्यात म्युनिसिपल नोकरांसाठी जो कायदा झाला, त्याने पूर्वसूचना न देता काम सोडणाऱ्या सफाई कामगाराला तुरुंगात टाकण्याची सोय केली. इतर कुठल्या नोकराने नोकरी सोडली तर त्याचा पगार बुडे; झाडूवाल्याने सोडली तर त्याला कैद. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे आपल्या लेखनात या कायद्यावर बोट ठेवले. मुंबईच्या म्युनिसिपल कामगारांचा संघ त्यांनी १९३५ मध्ये उभा केला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

शहराचा प्राण या माणसांच्या हातात आहे, हे १८९६ च्या प्लेगने उघडे केले. सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि लोक गठुडी बांधून पळू लागले. घरझडत्या सुरू झाल्या, रोग्यांना जबरीने इस्पितळात नेऊ लागले. ऑक्टोबर संपता संपता गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. १८९८ च्या मार्चमध्ये मदनपुऱ्यातल्या विणकर वस्तीत तपासणीवरून दंगल पेटली, गोळीबार झाला. या धामधुमीत अधिकाऱ्यांना सर्वांत मोठी भीती वाटत होती ती हलालखोर शहर सोडून जातील याची. सक्तीचे नियम सैल करण्यामागे ही भीतीही होती. पुढे कचरा शहराबाहेर नेण्यासाठी आगगाडी आली. कुर्ला-चेंबूर मार्ग १९०६ च्या सुमारास बांधला गेला तो मुख्यतः कचऱ्यासाठी. प्रवासी गाड्या त्यावर १९२४ मध्ये धावू लागल्या. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. म्हणजे कचरा डोळ्यांआड करण्याची कला मुंबईला सव्वाशे वर्षे अवगत आहे.

इथे एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे सेनापती बापट, शिकायला विलायतेत गेले आणि तिथून पॅरिसला जाऊन बाँब बनवण्याची विद्या शिकून आले. १९०८ नंतर त्यांना काही वर्षे भूमिगत राहावे लागले. त्यातून सुटल्यावर पारनेरला परतलेला हा क्रांतिकारक पहाटे उठून गावचे रस्ते आणि शौचकूप साफ करू लागला. ब्राह्मण घरातल्या, विलायतेला जाऊन आलेल्या माणसाने त्या काळी हे करणे म्हणजे काय, याची आज कल्पना करणेही कठीण आहे. १९२० मध्ये मुंबईच्या झाडूवाल्यांनी संप केला तेव्हा बापटांनी त्यांच्यासाठी मित्रमंडळ काढले आणि गळ्यात पेटी अडकवून भजन म्हणत शहरातून मिरवणूक नेली. ज्याने झाडू स्वतः धरला होता, त्यालाच झाडूवाल्याच्या मजुरीची किंमत कळली होती. पुढच्या वर्षी ते मुळशीच्या सत्याग्रहात उतरले. या संपाची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, हे लाजिरवाणे आहे.

त्याच १९२० च्या १ ऑगस्टला सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. स्मशानात न नेता चौपाटीच्या वाळूत त्यांचे दहन करण्याची परवानगी मिळाली आणि भर पावसात लाखो माणसे तिथे लोटली. तेव्हापासून ही वाळू सभांची, शपथांची, मोर्चांची झाली. चौपाटीवरची गर्दी म्हणजे मुंबईचे मत, असे समीकरण बसले.

पण गर्दी म्हणजे जबाबदारी नव्हे. त्याचा अनुभव पंधरा महिन्यांत आला. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स अपोलो बंदरावर उतरला. त्याच्या स्वागतावरचा बहिष्कार शांततेने पाळायचा होता. परळच्या एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. त्याच दिवशी स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन लोकांना जमावाने गाठून मारले. डोक्यावर टोपी परदेशी दिसली तरी मार बसला. ट्रामगाड्या फोडल्या गेल्या, दारूची दुकाने जाळली गेली. मग उलट्या बाजूनेही हल्ले सुरू झाले. चार-पाच दिवसांत ५८ माणसे मेली. हे कोणी गुंडांनी केले, असे म्हणून गांधीजींना सहज हात झटकता आले असते. त्यांनी दोष स्वतःवर घेतला, १९ तारखेपासून उपोषण धरले आणि बारडोलीची कायदेभंगाची चळवळ पुढे ढकलली. जबाबदार कोण, या प्रश्नाला त्या आठवड्यात एका माणसाने ‘मी’ असे उत्तर दिले होते, आणि शहर हळूहळू शांत झाले ते त्यानंतर.

याच चौपाटीवर १९३० च्या एप्रिलमध्ये, मिठाच्या सत्याग्रहात, मीठ तयार झाले. पहिल्या तुकडीत कमलादेवी चट्टोपाध्याय आणि अवंतिकाबाई गोखले होत्या. पोलिसांच्या लाठ्या बसत असताना समोरच्या माणसांनी हात उचलला नाही. माणसे तीच, शहर तेच, मधे नऊच वर्षे गेलेली. लोकांचा स्वभाव काही नऊ वर्षांत पालटत नाही. या खेपेला मात्र प्रत्येकाला काम नेमून दिलेले होते, पुढे उभे राहणारे स्वतः मार खात होते, आणि स्वयंसेवक म्हणून उभे राहण्यापूर्वी माणसाला शब्द द्यावा लागत होता.

२० नोव्हेंबर १९५५ ला पारडे पुन्हा फिरले. काँग्रेसच्या चौपाटीवरच्या सभेत मोरारजी देसाई आणि स. का. पाटील यांनी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, हे अत्यंत उद्दामपणे सुनावले. वाळूवर बसलेली माणसे खवळली, दगड आणि जोडे उडाले, सभा उधळली गेली. दुसऱ्या दिवशी विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला आणि १५ जणांचे प्राण गेले. त्या लोकांचा संताप रास्त होता. हुतात्मा चौकातले स्मारक त्याची साक्ष देते. पण दगड कोणी पहिल्यांदा उचलला याचा हिशेब वाळूवर कधी राहत नाही. कागद कोणी टाकला याचाही राहत नाही. गर्दीत माणसाला नाव नसते, हे दोन्हीकडे सारखेच.

पुढच्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १९५६ ला, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात गाडगेबाबांनी कीर्तन केले. ज्या गावात जातील तिथे आधी खराटा हाती घेऊन गाव झाडायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, ही त्यांची आयुष्यभराची रीत. झाडून झाल्यावरच बोलायचा अधिकार येतो, असे त्यांनी वागून दाखवले. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून महाराष्ट्रात ग्रामस्वच्छता अभियान चालले आणि अनेक गावांनी ते मनापासून चालवले. शहरांना तसे झटून काही करता आले नाही. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९६ च्या सुमारास गल्लीची व्यवस्था स्वतः पाहायला घेतली आणि महापालिकेने तो प्रयोग इतरत्र नेला, हा एक चांगला अपवाद.

तोवर कचऱ्याची जातच बदलली होती. जुन्या चौपाटीवरचे द्रोण, पत्रावळी, शेंगांची टरफले, नारळाच्या करवंट्या कुजून जात. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळत असे. प्लास्टिक आणि प्लास्टर ऑफ पॅरिस आले, आणि शहराची जुनी सवय नव्या वस्तूंना लागू झाली. हात तोच, टाकण्याची पद्धत तीच. टाकलेली वस्तू मात्र आता मरत नव्हती. म्हणून पूर्वीचे लोक स्वच्छ होते असे वाटते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत पिशव्यांचे बोळे सापडले. त्यानंतर पातळ पिशव्यांवर बंधने आली, थुंकणाऱ्याला आणि कचरा टाकणाऱ्याला २०० रुपये दंड ठरला. २३ जून २०१८ पासून राज्यात प्लास्टिक-थर्माकोल बंदीचा अंमल सुरू झाला. भाजीवाल्यांच्या गाड्यांवर मात्र पिशव्या थोड्याच दिवसांत परत दिसू लागल्या.

वर्सोव्यात ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह या तरुण वकिलाने ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्याला सोबत घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली. दर शनिवार-रविवारी माणसे वाढत गेली. कोळीवाड्यातले लोक आले, शाळेतली मुले आली, सिनेमातली मंडळी आली. जवळपास ८५ आठवड्यांत ५० लाख किलोंहून अधिक कचरा निघाला. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्काराने गौरव केला.

आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये, १०९ व्या आठवड्यात, हे काम थांबवल्याचे शाह यांनी जाहीर केले. कचरा उचलतो म्हणून स्वयंसेवकांना शिवीगाळ झाली होती, आणि उचलून ठेवलेला कचरा दोन महिने कोणी नेला नव्हता. एका बाजूला दमदाटी, दुसऱ्या बाजूला थंडपणा. दीडशे वर्षांची ही गोष्ट त्या एका आठवड्यात पुन्हा पूर्ण दिसली : जो वाकून उचलतो तो खालचा, त्याला कोणीही काहीही बोलावे. आपल्याकडचा सार्वजनिक जबाबदारीचा प्रश्न शिक्षणाचा किंवा संस्कारांचा असण्याआधी या नजरेचा आहे. ती नजर जात नाही तोवर दंडाच्या पावत्या कितीही फाडल्या तरी हात कचरा टाकत राहील.

टीकेचा गदारोळ झाल्यावर काम पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या मार्चमध्ये त्याच वर्सोव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची ऐंशीएक पिल्ले बाहेर पडली आणि स्वयंसेवकांच्या पहाऱ्यात, भटक्या कुत्र्यांपासून सांभाळत, पाण्यात गेली.

येत्या अनंत चतुर्दशीला गिरगावात किंवा जुहूला गर्दी होईल, गुलाल उडेल, निरोपाने डोळे भरून येतील. वाचकांना एवढीच विनंती आहे की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा तिथे जावे. भंगलेल्या मूर्तींच्या अवशेषांत, निर्माल्याच्या चिखलात कचरापट्टीचे कामगार रात्रपाळी संपवून अजून उभे असतील. सोबत हातमोजे न्यावेत, आणि त्यांच्याबरोबर तासभर वाकावे.